वीस टक्के कशाचे? अमेरिकेतली टिप, तिच्यामागचा पगार आणि लोकांचा वैताग

टेक्सासमधल्या एकाच दिवसाच्या दोन पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. पहिली सकाळची. काउंटरवर उभं राहून घेतलेली कॉफी, पाच डॉलर. कार्ड लावायच्या आधी गल्ल्यावरच्या मुलीने छोटी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्यावर तीन मोठी बटणं होती: १८, २०, २५ टक्के. त्यांच्याखाली बारीक अक्षरात ‘टिप नको’. मी मधलं बटण दाबलं, एक डॉलर गेला. दुसरी पावती रात्रीची. टेबलावर बसून दीड तास निवांत जेवलो. चाळीस डॉलरचं बिल झालं, खाली टिपसाठी मोकळी रेघ होती. तिथेही मी वीस टक्के लिहिले, म्हणजे आठ डॉलर.

दोन्हीकडे शब्द एकच आणि टक्केही तेच. पण सकाळचे वीस टक्के आणि रात्रीचे वीस टक्के या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला बराच काळ लागला. अमेरिकेत टिपवरून आज जो वैताग साचलाय, त्यातला मोठा भाग या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे आहे असं माझं मत आहे. ही गल्लत सोडवायची तर आधी रात्रीच्या वेटरची पगाराची चिठ्ठी बघावी लागते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ च्या जुलैपासून ते तेवढंच आहे. पण ज्या कामगाराला नियमितपणे महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप मिळते, त्याला मालकाने खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकांच्या टिपमधून आले की कायद्याच्या लेखी किमान वेतन दिलं गेलं. याला ‘टिप क्रेडिट’ म्हणतात. गिऱ्हाइकाने वेटरला दिलेले पैसे मालकाने पगार दिल्यासारखे धरायचे, असा त्याचा सरळ अर्थ. टेक्सासमध्ये हाच दर लागू आहे.

आठवड्याचा हिशेब मांडून बघू. वेटरने ४० तास काम केलं. मालकाने दिले ८५.२० डॉलर. किमान वेतनाप्रमाणे व्हायला हवेत २९०. मधला फरक २०४.८० डॉलरचा. आठवड्याभरात टिप ३०० डॉलर जमली तर मालकाला आणखी काही द्यावं लागत नाही. ती १५० च जमली तर उरलेले ५४.८० डॉलर मालकाने भरून द्यायचे, असं कायदा सांगतो. पण हे मोजमाप आख्ख्या आठवड्याचं मिळून होतं. सोमवारी दुपारी रिकाम्या टेबलांमध्ये काढलेले सहा तास शनिवारच्या गर्दीतल्या टिपने भरून निघाले असं धरलं जातं. आणि तूट पडली तरी मालकाकडे जाऊन ‘माझे पैसे कमी पडलेत’ म्हणायचं धाडस किती वेटर करतील? ज्याच्या हातात पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट आहेत, त्याच्याशी हुज्जत घालणं सोपं नसतं.

आता माझ्या आठ डॉलरकडे वळू. मी दीड तास बसलो होतो. दीड तासाचा मालकाचा वाचलेला वाटा होतो ५.१२ गुणिले दीड, म्हणजे ७.६८ डॉलर. त्या वेळात त्या वेटरकडे माझं एकच टेबल असतं, तर माझ्या आठ डॉलरपैकी ७.६८ त्याला किमान वेतनापर्यंत पोचवण्यात गेले असते आणि त्यावर वर म्हणून उरले असते ३२ सेंट. अर्थात त्याच्याकडे चार-पाच टेबलं होती, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसतं. पण क्रम हाच राहतो: टिप आधी मालकाची जबाबदारी भरून काढते आणि मग वेटरची वरकमाई सुरू होते. ‘सेवा आवडली नाही म्हणून मी टिप दिली नाही’ असं टेक्सासमध्ये कोणी म्हणतो, तेव्हा त्याने खरं तर एका माणसाचा पगार कापलेला असतो.

हे असं का झालं? गोष्ट जुनी आहे आणि तिच्या मुळाशी वंशभेद आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेत झोपायच्या आलिशान डब्यांचा धंदा उभा केला. प्रवाशांचं सामान उचलणं, बिछाने घालणं, बूट पुसणं या कामांवर कंपनीने नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष ठेवले. पगार तुटपुंजा द्यायचा आणि बाकीचं प्रवाशांच्या हातावर सोडायचं, हे तिचं धोरण होतं. पुऱ्या पगारासाठी महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत. अनेक प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, मालकाच्या नावावरून, जसं गुलामाला धन्याच्या नावाने ओळखत. हा तपशील वाचल्यापासून टिपबद्दल मला पूर्वीसारखं निर्विकारपणे बोलता येत नाही. या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडलं.

त्या काळात टिपला विरोध करणारेही कमी नव्हते. टिप ही सरंजामी युरोपातून आलेली खोड आहे, एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरणं प्रजासत्ताकाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्दही झाले. म्हणजे आजचा वैताग नवा नाही, शंभर वर्षांपूर्वीही लोक याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येत होते.

केंद्रीय किमान वेतन आलं १९३८ मध्ये, पण हॉटेलं आणि रेस्टॉरंटं त्यातून बाहेर राहिली. १९६६ च्या दुरुस्तीने ती कायद्याच्या कक्षेत आली आणि त्याच दुरुस्तीने टिप क्रेडिटही आणलं: निम्मा पगार टिपमधून आला तरी चालेल. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर झालं. त्याचा अर्धा २.१२५, म्हणून २.१३. हा विचित्र आकडा तिथून आलाय. पुढे १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना संसदेने अर्ध्याचं नातं तोडून टाकलं आणि २.१३ जागच्या जागी गोठवला. तीस वर्षांहून जास्त काळ एका मोठ्या कामगारवर्गाचा केंद्रीय दर एका सेंटनेही हललेला नाही.

सगळ्या राज्यांत मात्र असं नाही. अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मोंटाना, नेवाडा, ओरेगन आणि वॉशिंग्टन या सात राज्यांत टिप क्रेडिट मुळीच नाही. तिथे वेटरला राज्याचं पूर्ण किमान वेतन मिळतं आणि टिप त्याच्या वर. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये हे किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. इतर अनेक राज्यं मधल्या पायरीवर आहेत, २.१३ पेक्षा जास्त पण पूर्ण वेतनापेक्षा कमी. गंमत अशी की गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये जेवा किंवा कॅलिफोर्नियाच्या सॅन फ्रान्सिस्कोत, बिलाखालची रेघ सारखीच असते आणि लोकांची सवयही सारखीच, पंधरा-वीस टक्क्यांची.

आता सकाळच्या कॉफीकडे येऊ. गल्ल्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना निदान पूर्ण किमान वेतन मिळतं. सगळ्यांना नाही, कारण टिप पुरेशी येत असेल तर मालक त्यांनाही टिपवाल्या कामगारांत धरू शकतो. पण साधारण चित्र असं की काउंटरवरची टिप पगारावरची भर असते. मग तिथे वीस टक्के कुठून आले?

उत्तर बरंचसं त्या स्क्रीनमध्ये आहे. पूर्वी काउंटरवर एक बरणी ठेवलेली असायची. सुट्टे पैसे उरले तर टाकायचे, नाहीतर पुढे व्हायचं. कोणी विचारत नसे, कोणी बघतही नसे. टॅबलेटवर पैसे घेणं सुरू झालं तशी ती बरणी स्क्रीनवर आली आणि तिचा स्वभाव पालटला. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला जातो आणि उत्तर दिल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. काही न देणं ही पूर्वी न केलेली कृती होती, आता ते बटण दाबून ‘नको’ म्हणणं झालं, तेही समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत आणि मागे रांग उभी असताना. शिवाय तीन आकडे दिले की माणूस मधला निवडतो, कारण तो वाजवी वाटतो. तो वाजवी वाटावा म्हणून डावी-उजवीकडे काय ठेवायचं हे दुकानदार सेटिंगमध्ये जाऊन ठरवतो. बिल छोटं असेल तर काही ठिकाणी टक्क्यांऐवजी १, २, ३ डॉलर अशी बटणं येतात. चार डॉलरच्या कॉफीवर सगळ्यात लहान बटण म्हणजे २५ टक्के. तो आकडा टक्क्यांत दाखवला असता तर कितीजणांनी दाबला असता?

दुसरं कारण कोविड. २०२० मध्ये जीव धोक्यात घालून खाणं बांधून देणाऱ्या लोकांना गिऱ्हाइकांनी मनापासून टिप दिली. जिथे कधी देत नव्हते तिथेही दिली. साथ ओसरली, पण ती ओळ बिलावर तशीच राहिली. त्यातच महागाई आली. २०२२ च्या जूनमध्ये वार्षिक महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. टिप टक्क्यांत असल्यामुळे ती किमतीबरोबर आपोआप वाढतेच, तिला वेगळं वाढवायची गरज नसते. समजा, जेवण ४० डॉलरचं होतं आणि रीत १५ टक्क्यांची, तर टिप ६ डॉलर. तेच जेवण ५० डॉलरचं झालं आणि रीत २० टक्क्यांवर गेली, तर टिप १० डॉलर. जेवण २५ टक्क्यांनी महागलं आणि टिप ६७ टक्क्यांनी. लोक ‘टिपफ्लेशन’ म्हणतात ते याला. त्यांना लुटल्यासारखं वाटतं ते उगीच नाही.

लोकांना नेमकं काय वाटतं याचं चांगलं चित्र प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये सुमारे १२,००० अमेरिकी प्रौढांची मतं घेऊन मांडलं. ७२ टक्के म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपची अपेक्षा असते. टिप द्यायची की नाही हे ओळखणं फार सोपं वाटतं असं म्हणणारे फक्त ३४ टक्के. बिलावर किंवा स्क्रीनवर आकडे सुचवण्याला ४० टक्क्यांचा विरोध, २४ टक्क्यांचा पाठिंबा, बाकीच्यांना फरक पडत नव्हता. टिप हा ऐच्छिक मामला आहे की कर्तव्य, यावर २१ टक्के म्हणाले ऐच्छिक, २९ टक्के म्हणाले कर्तव्य आणि ४९ टक्के म्हणाले प्रसंगावर अवलंबून. मला या पाहणीतले सगळ्यात बोलके आकडे वेगळेच वाटतात. टेबलावर बसून जेवणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक नेहमी किंवा बहुतेक वेळा टिप देतात. कॉफीच्या दुकानात हाच आकडा २५ टक्के. म्हणजे स्क्रीनने कितीही आग्रह केला तरी दोन्ही ठिकाणं सारखी नाहीत हे लोकांनी मनातल्या मनात ओळखलेलं आहे. फक्त ‘टिप नको’ दाबताना त्यांना अपराधी वाटतं, आणि तेवढ्यासाठी त्यांचा राग निघतो तो समोरच्या कामगारावर. त्या सकाळची मुलगी स्क्रीन वळवून मुद्दाम कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिली होती. पुढे ओळख झाल्यावर ती म्हणाली, ते बंद करता येत नाही, मालकाने लावलंय, आणि लोक माझ्याकडे असं बघतात की मीच मागतेय.

तिसरी गोष्ट सर्व्हिस चार्जची, आणि इथे गोंधळ सर्वात जास्त. बिलात आधीच १८ किंवा २० टक्के जोडून आले तर ती कायद्याने टिप नसतेच. अमेरिकेच्या करखात्याने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलं: टिप म्हणजे जी गिऱ्हाइकाने सक्तीशिवाय दिली, जिची रक्कम त्याने स्वतः ठरवली आणि कोणाला द्यायची हेही त्यानेच ठरवलं. आपोआप जोडलेली रक्कम यात बसत नाही. केंद्रीय कायद्यानुसार सर्व्हिस चार्ज मालकाचं उत्पन्न असतं. तो त्यातून वेटरला देऊ शकतो, स्वयंपाकघरात वाटू शकतो किंवा भाडं भरू शकतो. खऱ्या टिपला मात्र मालकाने किंवा मॅनेजरने हात लावता येत नाही, २०१८ पासून केंद्रीय कायदा तसं साफ सांगतो. म्हणजे जी रक्कम भरावीच लागते तिच्यावर वेटरचा हक्क कमी आणि जी आपखुशीची तिच्यावर जास्त. प्यूच्या पाहणीत ७२ टक्के लोक या आपोआप जोडल्या जाणाऱ्या चार्जच्या विरोधात होते.

मग टिप बंदच करून किमती वाढवल्या तर? मला हा मार्ग मनापासून पटतो, पण तो करून बघणाऱ्यांचे हात पोळलेत. न्यूयॉर्कमधले नावाजलेले रेस्टॉरंट-मालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांमध्ये टिप बंद करायला सुरुवात केली. त्यामागे एक न्याय्य विचार होता: किमती वाढल्या की वेटरची टिप वाढते, पण आत भट्टीपाशी उभ्या आचाऱ्याचा आणि भांडी घासणाऱ्याचा पगार वाढत नाही. २०२० च्या जुलैमध्ये त्यांनी टिप परत आणली. अडचणी दोन. मेन्यूवरचा वाढलेला आकडा गिऱ्हाइकाला महाग वाटतो, शेवटी भरायची रक्कम तीच असली तरी. आणि चांगल्या जागी काम करणारा वेटर शनिवारच्या रात्री टिपमधून जे कमावतो, ते ठरावीक पगारात त्याला मिळत नाही, म्हणून तो सोडून जातो. टिपच्या बाजूने सर्वात जोरात बोलणाऱ्यांत अनेकदा वेटरच असतात ते यामुळे.

मतपेटीतही हाच घोळ दिसतो. वॉशिंग्टन डीसीच्या मतदारांनी २०१८ मध्ये टिप क्रेडिट टप्प्याटप्प्याने संपवायला कौल दिला, तो नगर परिषदेने रद्द केला. २०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा तोच कौल दिला, २०२५ मध्ये परिषदेने त्यालाही कात्री लावली. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ ला असाच प्रस्ताव मतदारांनीच मोठ्या फरकाने फेटाळला. केंद्राने २०२५ मध्ये काढलेली वाट आणखी वेगळी: २०२५ ते २०२८ या वर्षांत, २५,००० डॉलरपर्यंतची टिप आयकरात वजा करता येते. त्यातही टिप ऐच्छिक हवी ही अट आहे. ज्या वेटरचं उत्पन्न मुळात इतकं कमी की त्याला आयकर लागतच नाही, त्याच्या हातात यातून काही पडत नाही.

‘टिपमुळे सेवा चांगली मिळते’ हा युक्तिवाद राहिला. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टिपवर कित्येक वर्षं संशोधन केलं आहे. गिऱ्हाइकांनी सेवेला दिलेले गुण आणि त्यांनी दिलेली टिप यांचा संबंध त्यांना अगदी कमजोर आढळला. आपण बिलाच्या रकमेवरून आणि सवयीवरून टिप देतो. म्हणून कोणी वाईट वागल्याची शिक्षा म्हणून टिप कापतो तेव्हा समोरच्याला ती शिक्षा आहे हे कळतही नाही. त्याच्यासाठी तो फक्त एक वाईट दिवस असतो.

ब्रिटनने टिप ठेवून नियम बदलले. तिथला २०२३ चा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झाला. मालकाच्या हातात येणारी टिप आणि सर्व्हिस चार्ज, दोन्ही काहीही न कापता कामगारांना द्यायचे, तेही पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. अमेरिकेत मात्र केंद्रीय नियम मालकाला कार्डवरच्या टिपमधून कार्ड कंपनीचं शुल्कसुद्धा कापू देतो, काही राज्यांनीच त्याला मनाई केली आहे.

मी स्वतः आता काउंटरवर ‘टिप नको’ दाबताना संकोच करत नाही. कोणी माझ्यासाठी वेगळे कष्ट घेतले तर मात्र आवर्जून देतो. टेबलावर वीस टक्के देतो, जेवण थंड आलं तरी, आणि शक्यतो रोख. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर वेटरला सरळ विचारतो, हे तुमच्यापर्यंत पोचतं का? एकदा एकाने त्या ओळीवर बोट ठेवून क्षणभर विचार केला. म्हणाला, “थोडं पोचतं. किती, ते मलाही पगाराच्या दिवशीच कळतं.”